वहिनींनी घालवलेला मासा

वहिनींना वहिनी केलं ते नवऱ्याच्या मित्रांनी. आधी एक म्हणायला लागला, मग दुसरा, मग जिन्यातले शेजारी, आणि शेवटी त्या जिथे कामाला होत्या त्या शिंप्याच्या दुकानाचा मालकसुद्धा, ज्याचा नवऱ्याशी काडीचा संबंध नव्हता. कोणाला कामावरून नाव पडतं, कोणाला रूपावरून, कोणाला खोडीवरून. ह्यांना पडलं ते नवऱ्यावरून, आणि तो नवरा सुट्टीच्या एकुलत्या एक दिवशी घरात सापडायचा नाही.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सहा दिवस दुसऱ्यांच्या इमारतींमध्ये वर-खाली, सातव्या दिवशी नदीवर. त्याचं मासे पकडणं साधंसुधं नव्हतं. गळाला गांडूळ लावून बसणाऱ्यांना तो माणसांत धरत नसे. त्याचा गळ नकली माशीचा. एवढ्याशा गळावर पिसं, केस आणि रेशमी दोरा गुंडाळून किड्यासारखी दिसणारी माशी करायची, आणि लांब लवचिक काठीने जाड दोरी हवेत मागे-पुढे खेळवून ती माशी पाण्यावर अशी उतरवायची की माशाला वाटावं, ही आपणहून येऊन बसली. एवढं करून मासा मिळाला तरी घरी आणायचा नाही. ओल्या हातांनी गळ सोडवायचा आणि त्याला परत पाण्यात जाऊ द्यायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तो दिवसभर गायब राहून रिकाम्या हातांनी हसत घरी आला, तेव्हा वहिनींना वाटलं, ह्याचं डोकं फिरलेलं दिसतं. पुढे कळलं की डोकं ठिकाणावर आहे, फक्त ते ठिकाण घरात नाही.

वहिनींचं मागणं फार नव्हतं. आपण शेजारी बसावं आणि ह्या माणसाला तिथून उठून जावंसं वाटू नये, एवढंच. दागिने मागितले असते तर एखादा मिळालाही असता. हे मात्र मिळेना. "रिटायर होऊ दे एकदा," तो म्हणायचा, "मग सगळे दिवस तुझेच." वहिनी कोटांना हाताने काजं करायच्या, एकेका काजाला टाक्याला टाका लावून, आणि ह्या वाक्याच्या भरवशावर त्यांनी सगळी उमेदीची वर्षं काढली. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली. तो रिटायर झाला. आणि रविवारी जायचा तो आठवड्यातून चार दिवस नदीवर जायला लागला.

"मलाही शिकवा की," एकदा वहिनी म्हणाल्या. तो दारात बूट चढवत होता.

"तुला?" तो हसला. वाईट हसला नाही, तेवढं त्याला श्रेय द्यायला हवं. "अगं, तिथे तासन्‌तास गप्प राहावं लागतं. तुला नाही जमायचं."

आता त्या घरात बोलायचं काम त्याचं आणि गप्प राहायचं काम वहिनींचं, हे भिंतींनाही ठाऊक होतं. पण वहिनी गप्प राहिल्या.

बाजाराच्या मागच्या गल्लीत गळाचं सामान विकणारं एक दुकान होतं, इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने आधी बाहेर यावं लागे. मालक सत्तरीपुढचे. सगळे त्यांना काका म्हणत. रविवारी आणि बुधवारी शिंप्याचं दुकान बंद असे. एका बुधवारी वहिनी काकांच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या.

"यजमानांसाठी काय देऊ?" काकांनी विचारलं.

"यजमानांसाठी नको. माझ्यासाठी द्या. आणि हे कसं फेकतात ते शिकवा."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर आणला, आणि आतून एक वापरलेली काठी काढली.

शिकवणी शाळेमागच्या मैदानात. गळाच्या जागी काकांनी लोकरीचा लाल तुकडा बांधला. "पहिले काही दिवस तुम्ही स्वतःलाच पकडणार आहात," ते म्हणाले. आणि तसंच झालं. लोकर वहिनींच्या अंबाड्यात अडकली, कानाला लागली, काकांच्या चष्म्यावर बसली, कुंपणावर गेली. दोरी पुढे जायची ती गळ्यात पडायची. वहिनी जोर लावायच्या. जोर लावला की दोरी आणखी गुंतायची.

"धुणं आपटताय का बाई? जोर नको. मनगट मोडू नका, कोपरातून उचला. दोरी मागे गेली की थांबा. ती मागे पूर्ण सरळ होऊ द्या, मग पुढे आणा. सगळे इथेच फसतात. थांबवत नाही कोणाला."

वहिनी थांबल्या. मागे दोरी सरळ होताना काठीला एक बारीकसा हिसका बसला, तो त्यांना तळहाताला कळला. हात पुढे आणला, आणि लोकर मैदानातल्या गवतावर दूरवर जाऊन अलगद बसली. काकांनी दोरी गोळा करायला घेतली. वहिनींना मात्र हसू फुटलं, एकटीलाच. इतकं मोकळं हसू त्यांना कधी आलं होतं हे त्यांना आठवेना.

बुधवारमागून बुधवार गेले. माशी बांधायला त्यांना वेळ लागला नाही, दोऱ्याला मेण लावून आवळणं हे त्यांचं रोजचंच काम. पाण्याचं शिकायला मात्र फार कष्ट पडले. मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून त्याच्या मागून जायचं. माशी पाण्याबरोबर वाहिली पाहिजे, जरा ओढली गेली की मासा ओळखतो. मासा लागला की काठीचं टोक वर आणि दोरी ताठ, काही झालं तरी ताठ. "ढील दिलीत की गेला," काका म्हणायचे. "सगळा खेळ त्या ताणाचा आहे." गावाबाहेरच्या ओढ्यात वहिनींनी बोटाएवढे दोन-तीन मासे धरले आणि सोडले. घरी त्या म्हणायच्या, आज दुकानात जादा काम होतं.

एका संध्याकाळी नवऱ्याचा नदीवरचा मित्र, दातांचा डॉक्टर, जेवायला आला होता. वाढता वाढता वहिनींनी सांगून टाकलं. मी शिकले आहे. रविवारी मलाही न्या.

नवऱ्याचा घास हातात राहिला. मग तो म्हणाला, "बायकोच नदीवर आली, तर मग मी पळून जायचं कुठे?"

डॉक्टर खो खो हसला. वहिनीही हसल्या. हसल्या नसत्या तर भांडी आपटावी लागली असती, आणि पाहुणा जेवत होता.

"येऊ दे की वहिनींना," डॉक्टर म्हणाला. मित्रासमोर नाही म्हणणं नवऱ्याला जड गेलं.

नदीवर त्याने त्यांना जागा नेमून दिली. पुलाच्या खाली, जिथे पाणी पसरट होतं आणि दगड उघडे पडलेले होते. "ही तुझी जागा. सुरुवातीला इथेच उभी राहा. हात बसू दे." आणि तो डॉक्टरला घेऊन वर निघून गेला, वळणाच्या पलीकडे. वहिनी उभ्या राहिल्या. माशी नीट उतरत होती, नीट वाहत होती, आणि तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्या रविवारी तसंच. वहिनींना वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. त्यांनी घरी बसून आणखी बारीक माश्या बांधल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग एका दुपारी डबे खाऊन झाल्यावर डॉक्टर आपला डबा घेऊन त्यांच्याकडे आला आणि वाकून विसळायला लागला.

"अहो, माझा मासा बिचकेल," वहिनी म्हणाल्या.

"मासा? इथे?" डॉक्टरने मान वर केली. "वहिनी, इथे कुठला मासा! इथे आम्ही वर्षानुवर्षं डबे धुतो." आणि मग त्यांचा चेहरा पाहून तो घाईघाईने म्हणाला, "म्हणजे, कधीमधी असेलही एखादा."

वहिनींना त्या क्षणी काठी गुडघ्यावर मोडून टाकावीशी वाटली. आपल्या तोंडाला पानं पुसली, हे एक वेळ ठीक. पण आपण रात्री-रात्री डोळे फोडून माश्या बांधत होतो तेव्हा हा माणूस शेजारच्या पलंगावर पडून ते बघत होता. बघत होता आणि काही बोलत नव्हता. तो राग त्यांनी गिळला. गिळायची सवय होती, हे एक. आणि दुसरं म्हणजे, भांडून मिळालेली सोबत त्यांना नको होती.

पुढच्या रविवारी त्या पुलाशी थांबल्याच नाहीत, सरळ त्याच्या मागून वर चालायला लागल्या. त्याने वळून पाहिलं. काही बोलणार होता, पण मध्ये दगडांची ओळ ओलांडायची होती आणि त्याचा गुडघा हल्ली दगा देत होता. वहिनींनी हात पुढे केला. त्याने तो धरला. अशी त्यांना वरच्या पाण्यावर जागा मिळाली.

वळणाच्या पलीकडे एक झाड पाण्यावर ओणवं झालं होतं, आणि त्याच्या सावलीत एक डोह. त्या डोहात साहेब राहायचे. साहेब म्हणजे एक मोठा, जुना, काळसर पाठीचा मासा. हे नाव नवऱ्याचंच, कारण हा मासा कितीही मिनतवाऱ्या केल्या तरी दाद द्यायचा नाही. नवरा त्याच्यामागे इतकी वर्षं होता की डॉक्टर म्हणायचा, तुझ्या लग्नात तिसरा हाच. दोनदा साहेब गळाला लागले होते आणि दोनदा सुटले होते. त्या दोन वेळांच्या गोष्टी वहिनींना तोंडपाठ होत्या.

त्या दिवशी डॉक्टर पलीकडच्या काठाला गेला होता, आणि साहेब वर येत होते. सावलीच्या कडेला पाण्यावर अधूनमधून एक वर्तुळ उमटायचं आणि विरायचं. नवऱ्याने माशी फेकली, पुन्हा फेकली, मग ती फांदीत अडकून तुटली. नवी बांधायला तो खडकावर बसला. गळाच्या बारीक नेढ्यातून दोरा जाईना. त्याने चष्मा पुसला, दोरा ओला केला, हात लांब धरून पाहिलं.

"द्या इकडे," वहिनी म्हणाल्या.

"जमतंय मला. तू टाक तोवर एक-दोन. त्या कडेला टाक, साहेबांच्या वाटेत नको."

वहिनींनी टाकली. कडेलाच टाकली होती, पण प्रवाहाने माशी उचलली आणि सावलीत नेली. पाणी जरा फुगलं. माशी दिसेनाशी झाली. वहिनींनी काठी वर केली, आणि पलीकडून असा ताण आला की खांद्यापर्यंत हात थरथरला. काठीवरचं दोरीचं रीळ ओरडलं. साहेब डोहाच्या तळाशी गेले, झाडाच्या मुळांकडे वळले, वहिनींनी त्यांना तिथून फिरवलं. टोक वर, दोरी ताठ. त्या घाबरल्या नव्हत्या. मासा हळूहळू जवळ येत होता. त्याची पाठ पाण्याबाहेर आली तेव्हा त्यांना आनंद इतका झाला की तो कोणालातरी दाखवायलाच हवा होता, म्हणून त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं.

तो उभा राहिला होता. हातातला गळ कुठेतरी पडला होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर त्यांनी मासा ओढून त्याच्या पायाशी आणला असता. तो एकदम म्हातारा दिसत होता, आणि भेदरलेला. लिफ्ट मध्येच बंद पडल्यावर आतल्या माणसाचं तोंड व्हावं तसं त्याचं तोंड झालं होतं. आपल्याजवळ एकच गोष्ट होती आणि तीही हिला आली, असं ते तोंड म्हणत होतं.

वहिनींनी काठीचं टोक खाली केलं.

दोरी सैल पडली. ह्या खेळात गळाच्या टोकाची उलटी आकडी मुद्दाम घासून टाकतात, म्हणजे सोडताना माशाचं तोंड फाटत नाही. पण मग ढील मिळाली की नुसती मान हलवूनही तो सुटतो. साहेबांनी मान हलवली आणि गेले.

"सुटला?" नवरा ओरडला.

"सुटला," वहिनी म्हणाल्या. "मला नाही जमलं."

आणि त्याचा चेहरा खुलला! खरंच खुलला, लपवायचंही त्याला सुचलं नाही. "अगं, टोक वर ठेवायचं असतं! चालायचंच. नवीन माणसाचं असंच होतं. ये, बस इथे." त्याने खडकावर सरकून जागा केली. तो त्यांना समजावत राहिला, हातवारे करून, अर्धी दुपार. येताना बसमध्ये शेजारी बसून बोलला, जिना चढताना बोलला, जेवताना बोलला. एका माशात सगळं मिळालं, असं त्या रात्री वहिनींच्या मनात आलं. स्वस्तात मिळालं.

स्वस्त नव्हतं, ते पुढे कळलं. कारण नवऱ्याला गोष्ट सापडली होती. मुलीचा फोन आला, "तुझ्या आईने साहेब घालवला, ऐक." शेजारी भेटले, "आमच्या हिने काय केलं माहीत आहे का?" नदीवर कोणी नवखा दिसला की त्याला बोलावून, वहिनींना समोर बसवून, रंगवून रंगवून. तो त्यांची नक्कल करायचा: डोळे मोठे, काठी लटपटती, आणि मग पडेल आवाजात, "मला नाही जमलं." लोक पोट धरून हसायचे. सुरुवातीला वहिनीही हसायच्या. बिचाऱ्याला खरं माहीत नाही, त्या स्वतःला सांगायच्या. माहीत असतं तर असं बोलला नसता. ह्या एका समजुतीवर त्यांनी तो सगळा मोसम काढला. तो शेजारी बसत होता, बोलत होता, आणि त्याबदल्यात लोकांसमोर वेंधळी ठरणं त्यांनी पत्करलं होतं.

मग त्यांची दाढ दुखायला लागली.

डॉक्टरच्या दवाखान्यात त्या खुर्चीवर आडव्या, तोंडात कापूस, गालात नळी, डोळ्यांवर दिवा. डॉक्टरला काम करताना बोलायची सवय. समोरच्याला उत्तर देता येत नाही हे त्याला सोयीचंच पडत असावं.

"वहिनी, एक सांगू? तुमच्यासारखी बायको मिळायला भाग्य लागतं. आ करा, आणखी. त्या दिवशी मी पलीकडच्या काठावर होतो. बघितलं मी. मुद्दाम ढील दिलीत तुम्ही."

वहिनींनी डोळे विस्फारले. काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. नळी खरखरली.

"हलू नका. मी कशाला कोणाला सांगतोय? आणि त्याच्यापासून लपवायचं म्हणाल, तर त्याला ठाऊकच आहे. दुसऱ्याच दिवशी मला म्हणाला ना, हिने सोडला रे, माझ्याकडे बघितलं आणि सोडला. माणूस इतकी वर्षं नदीवर आहे, दोरी कशाने सैल पडते हे त्याला कळणार नाही? भरून आलं होतं त्याला. थुंका आता."

वहिनी थुंकल्या. पांढऱ्या भांड्यात पाणी गोल फिरलं आणि रक्ताची एक रेघ घेऊन खाली गेलं. डॉक्टर हसत होता. आपण चांगली बातमी दिली, असंच त्याला वाटत होतं.

घरी आल्या तेव्हा नवरा खिडकीशी बसून रिळाला तेल देत होता. वहिनींचा अर्धा गाल बधिर होता.

"तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मासा सुटला नव्हता. मी सोडला होता."

त्याने हात थांबवला. "डॉक्टर बोलला वाटतं."

"माहीत होतं ना?"

"होतं."

"मग? पोरीला सांगितलंत. अख्ख्या जिन्याला सांगितलंत. माझ्यासमोर माझी नक्कल केलीत."

"अगं, गंमत होती ती."

"गंमत कोणाला वाटत होती?"

तो चिंधीला बोटं पुसत राहिला. पुसून झाली तरी पुसत राहिला. मग एकदम चिडून म्हणाला, "मी सोड म्हटलं होतं का तुला? तूच सोडलास. मग मी काय सांगत फिरायला हवं होतं? मी जन्मभर त्याच्यामागे होतो, आणि ही काल आली आणि हिने धरला?"

"फिरायला नको होतं," वहिनी म्हणाल्या. "मला एकटीला सांगितलं असतंत तरी चाललं असतं. एकदा."

त्याने रीळ खिडकीत ठेवलं. मग तो म्हणाला, अगदी हळू, "रविवारी येशील ना?"

त्याने विचारलं. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने त्यांना कुठेही येशील का म्हणून विचारलं नव्हतं. ह्या एका प्रश्नासाठी वहिनींनी मैदानात स्वतःला गुंतवून घेतलं होतं, डबे धुवायच्या पाण्यात ताटकळत रविवार काढले होते, साहेबांना जाऊ दिलं होतं. आणि तो प्रश्न आला तेव्हा त्यांना काहीच वाटलं नाही. गालासारखंच, आतही बधिर.

"नाही," त्या म्हणाल्या.

रविवारी आता तो घरीच असतो. दगडांवरून एकट्याला पलीकडे जाता येत नाही, आणि डॉक्टरचा हात धरायला त्याला लाज वाटते. वहिनी बुधवारी जातात, पहिल्या बसने, एकट्या. पुलाखाली थांबत नाहीत.

पानं गळायला लागली होती तेव्हाच्या एका बुधवारी साहेब पुन्हा लागले. वहिनींनी टोक वर ठेवलं, दोरी ताठ ठेवली, आणि कोणाकडे वळून बघायचं नव्हतं म्हणून नीट बघत बघत त्यांना काठाला आणलं. हात ओले केले. गळ काढला. खालचा जबडा वाकडा झालेला, पाठीवर जुना व्रण, आणि डोळा असा की ह्याला खरंच कोणाची पर्वा नसावी. दोन्ही हातांनी त्यांना प्रवाहाकडे तोंड करून धरलं, कल्ले नीट हलायला लागेपर्यंत, आणि मग हात काढून घेतले.

घरी आल्या तेव्हा नवरा दार उघडून उभाच होता. चहा केलेला होता. त्याने त्यांची काठी हातातून घेतली, कोपऱ्यात उभी केली आणि विचारलं, "लागलं काही?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

खोटं ह्या वेळीही होतं, पण त्याच्यासाठी नव्हतं.